पॅरिसच्या शेअर बाजारातला केक, नगरच्या कढईत

पॅरिस शहरात शेअर बाजाराच्या परिसरात १८९० च्या सुमारास लान नावाच्या एका केकवाल्याचे दुकान होते. त्याची बरीचशी गिऱ्हाइके म्हणजे बाजारातले दलाल. सौद्यांच्या धांदलीत त्यांना बसून खायला सवड नसे. आणि उभ्याउभ्या खावे तर बोटे तुपकट होत, कोटावर चुरा सांडे. लानने गिऱ्हाईक ओळखून माल काढला. बदाम, साखर आणि लोणी यांचा, दोन घासांत संपणारा, हाताला न चिकटणारा छोटा केक त्याने बाजारात आणला, त्याला सोन्याच्या लगडीचा आकार दिला आणि नाव ठेवले ‘फिनान्सिए’. आपल्या भाषेत सांगायचे तर सावकार! अशी ही हकीकत फ्रेंच लोक सांगतात. आपल्या नगरच्या आडते बाजारात वा दाळमंडईत ज्यांची हयात गेली आहे, त्यांना लानच्या या धंद्याच्या नजरेचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

केक मात्र लानच्याही आधीचा होता. नान्सी नावाच्या गावातील मठात राहणाऱ्या साध्वी तो लंबगोल आकारात करीत असत, असे मानले जाते. लानने नवे काही शोधले नाही. जुन्या वस्तूला नवा आकार आणि नवे नाव दिले.

हा केक आज येथे आठवण्याचे कारण निराळे आहे. गेल्या काही वर्षांत नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव अशा गावांतून आपल्या घरांतल्या मुली-सुनांच्या हाती मोबाईलवरून जगभरच्या पाककृती येऊन पोहोचल्या आहेत. फिनान्सिए आणि त्याचा शिंपल्याच्या आकाराचा भाऊ ‘मादलेन’ या दोघांची छायाचित्रे पाहून करून पाहावेसे कोणालाही वाटेल. पण कृती वाचायला घेतली की पहिल्याच ओळीत अंडी येतात, दुसऱ्या ओळीत लोणी येते, तिसऱ्या ओळीत खास साचा आणि चौथ्या ओळीत विजेची भट्टी. मग एक तर तो नाद सोडून द्यायचा, नाही तर नातवाच्या वाढदिवसाला ‘एगलेस’ अशी पाटी लावलेल्या दुकानातून केक आणायचा. तो केक मुले खातात. आजी-आजोबा ‘आम्हाला नको’ म्हणून बाजूला बसतात. त्यांचे चुकते असेही नाही. सुट्या केकवर हिरवे चिन्ह नसते. पिठात अंडे नसले तरी घुसळणी तीच, भांडी तीच, भट्टीही तीच असू शकते. वरच्या थरात जिलेटिन आहे की नाही, हे काउंटरवरच्या मुलाला विचारून कळत नाही. एकाच घरात एकाच वाढदिवसाला निम्म्या माणसांनी खायचे आणि निम्म्यांनी पाहायचे, हे काही बरे दिसत नाही.

सुदैवाने या दोन केकांच्या बाबतीत वाट आहे, आणि ती आपल्याच चुलीवरून जाते.

लोणी की तूप?

अंडे वर्ज्य आहे, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. लोण्याच्या बाबतीत मात्र तरुण पिढीचा गोंधळ होतो. दूध चालते, दही चालते, तूप चालते, मग लोणीच का नाही? पाथर्डी येथे सुरू झालेल्या श्री तिलोकरत्न जैन धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा ज्यांनी शाळकरी वयात दिल्या असतील, त्यांना उत्तर ठाऊक असेल. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण या सहा विगई. त्या मर्यादेने घ्यायच्या, व्रताच्या दिवशी सोडायच्या. मध, मदिरा, मांस आणि लोणी या चार महाविगई. ताकातून बाहेर काढलेल्या लोण्यात अंतर्मुहूर्तानंतर, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतच, जीवोत्पत्ती होते अशी शास्त्राची धारणा आहे. म्हणून जुन्या घरांत लोणी निघाले की ते लगोलग कढवायला ठेवीत. गोळा बाजूला काढून ठेवण्याची पद्धत नव्हती. हा नियम आज सगळ्याच घरांत पाळला जातो असे नाही. पण जेथे पाळला जातो तेथे दुकानातून आणलेली लोण्याची वडी, ती कितीही नामांकित असो, उपयोगाची नाही.

आणि येथेच गंमत आहे. फिनान्सिएमध्ये कच्चे लोणी पडतच नाही. फ्रेंच आचारी लोणी पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवतो. आधी ते वितळते, मग त्यातले पाणी आटू लागते आणि चरचर आवाज येतो. आवाज थांबत आला की तळाशी दुधाचे कण तांबूस होऊ लागतात आणि घरभर भाजलेल्या बदामासारखा खमंग वास सुटतो. त्या क्षणी तो पातेले उतरवतो. या द्रव्याला त्यांच्याकडे ‘ब्यर न्वाझेत’ म्हणतात. न्वाझेत म्हणजे हेझलनट नावाचे कवचाचे फळ, त्याच्यासारखा रंग आणि वास म्हणून हे नाव. फिनान्सिएचा सारा स्वाद या एका गोष्टीत आहे, असे तिकडचे जाणकार सांगतात.

वाचक भगिनींनी हे वर्णन पुन्हा एकदा वाचावे. हे लोणी कढवणेच नव्हे काय? चरचर थांबणे, कण तांबूस होणे, वास सुटणे, विड्याचे पान टाकून तूप झाले की नाही हे पाहणे, आणि मग गाळल्यावर तळाशी उरलेली ती बेरी, जिच्यासाठी साखरेची वाटी घेऊन मुले स्वयंपाकघराच्या दारात उभी राहत! फरक एवढाच की आपण तूप गाळून घेतो आणि बेरी मुलांना देतो. फ्रेंच आचारी दोन्ही एकत्र ठेवून केकमध्ये घालतो. ज्या वस्तूचे इतके कौतुक तिकडे होते ती आपल्या आजीने दर आठवड्याला केली आणि त्यात काही विशेष आहे असे तिला कधी वाटलेही नाही.

या रूपांतरामागचे कारण साधे आहे. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो. उरलेल्यात बहुतेक पाणी आणि थोडे दुधाचे घन कण. पाणी आहे तोवर पातेल्यातील तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही. पाणी आटले की ते चढते आणि दुधातील प्रथिने व साखर यांची एकमेकांशी प्रक्रिया होऊन तांबूस रंग आणि खमंगपणा येतो. पोळीवरचे डाग, भाजलेला रवा, खव्याचा पेढा यांत हीच प्रक्रिया असते.

व्यापाऱ्याच्या घरी हिशेब लगेच मांडला जातो, म्हणून तोही सांगते. १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तूप घ्यायचे आणि आटून गेलेल्या पाण्याची भरपाई म्हणून पिठात चमचा-दीड चमचा दूध वाढवायचे. लोण्याइतकेच वजनाचे तूप घातले तर केक तेलकट होतो आणि हाताला चिकटतो, म्हणजे लानच्या दलालांची तक्रार पुन्हा सुरू!

आपल्या जिल्ह्याला या विषयाचे एक गमतीचे नाते आहे. राहाता तालुक्यात लोणी नावाचे गावच आहे आणि त्याच परिसरात, प्रवरानगरला, १९५०-५१ मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. लोणी आणि साखर एका पत्त्यावर नांदण्याचे असे उदाहरण फ्रान्समध्येही शोधावे लागेल. असो.

सुरतेचा दाखला

परदेशी भट्टीची वस्तू आपल्या आचाराला जुळवून घेण्यात काही कमीपणा आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने नानकटाईकडे पाहावे. सुरतेत डच वखारीसाठी पाव भाजणारी एक भट्टी होती. डच गेले, भट्टी फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी गृहस्थांकडे आली, आणि गोऱ्यांचे गिऱ्हाईक तुटल्यावर स्थानिक लोकांच्या पसंतीचा माल काढणे भाग पडले. पावात ताडी असे आणि काही जिन्नसांत अंडी. सुरतेच्या शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी दोन्ही गाळून, तूप वा लोणी आणि साखर यांवर जी खुसखुशीत वस्तू उभी राहिली ती नानकटाई, अशी कथा सुरतेत सांगितली जाते. आज तिला कोणी ‘अंडे काढून टाकलेले डच बिस्कीट’ म्हणत नाही. ती आपल्या दिवाळीच्या फराळातील स्वतंत्र वस्तू आहे. तालुक्याच्या गावांत घरचे तूप, मैदा आणि पिठीसाखर डब्यात घालून बेकरीत जायचे, आपल्यासमोर पीठ मळून घ्यायचे आणि भाजलेल्या नानकटाईचे पत्र्याचे डबे घेऊन यायचे, ही रीत पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. माल आपला, नजर आपली, भट्टी तेवढी दुसऱ्याची.

आता तर भट्टीही घरचीच करता येते.

तराजू हाच खरा साचा

फ्रेंच घरांत ‘चार पाव’ अशा अर्थाच्या नावाचा एक साधा केक करतात. मैदा, साखर, लोणी आणि अंडी ही चारही द्रव्ये सारख्या वजनाची. कृती म्हणून आणखी काही लक्षात ठेवावे लागत नाही. त्यांची पाककला वाटीवर नव्हे, वजनावर चालते. आपल्या घरांत वास्तविक हे अधिक सोपे असायला हवे. ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या तराजू हाती धरला, त्यांच्याच स्वयंपाकघरात केक मात्र ‘अंदाजे दोन वाट्या’ घालून बिघडतो. मैदा दाबून भरला की सैल भरला यावर एका वाटीत पंचवीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि एवढ्या छोट्या केकात तो फरक झाकला जात नाही. साचा नसला तर चालेल. ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मात्र हवा.

साधारण चौदा ते सोळा छोट्या केकांसाठी मैदा १०० ग्रॅम, बदामाची पूड ५० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, तूप ६० ग्रॅम, ताजे आणि आंबट नसलेले दही ८० ग्रॅम, दूध ६० मिलिलिटर, बेकिंग पावडर पाऊण छोटा चमचा, खाण्याचा सोडा पाव छोट्या चमच्याहून किंचित कमी आणि चिमूटभर मीठ, एवढे जिन्नस लागतात.

बदाम कोमट पाण्यात भिजवून सोलावे, कापडावर पूर्ण कोरडे करावे आणि त्यातल्याच दोन चमचे पिठीसाखरेबरोबर मिक्सर थांबवत-थांबवत फिरवावे. सलग फिरवले तर तेल सुटून गोळा होतो. साखर ते तेल शोषून घेते, म्हणून ती सोबत घालायची.

तूप घरी कढवणार असाल तर नेहमीपेक्षा मिनिटभर अधिक ठेवून बेरीचा रंग बदामाच्या सालीसारखा होऊ द्यावा. काळपट झाली तर कडवटपणा येतो आणि तो कोणत्याही साखरेने जात नाही, म्हणून रंग दिसताच पातेले उतरवून ओल्या फडक्यावर टेकवावे. गाळू नये, चमचाभर बेरी चुरडून तुपातच राहू द्यावी. ज्या घरी दही-सायीची कालमर्यादा पाळतात तेथे लोणी थोडेथोडे पण वरचेवर निघते. या कृतीला साठ ग्रॅम तूप पुरते, त्यामुळे ते सोयीचेच आहे. घरी तूप होत नसेल तर एक युक्ती आहे: विकतच्या साठ ग्रॅम तुपात दोन छोटे चमचे दुधाची भुकटी घालून अगदी मंद आचेवर ढवळत राहावे. दोन-तीन मिनिटांत तीच बेरी, तोच वास. तूप कोमट होईपर्यंत बाजूला ठेवावे.

अंडे या केकात तीन कामे करते: उष्णतेने घट्ट होऊन आकार धरते, हवा अडवून ठेवते आणि ओलावा देते. पैकी ओलावा दह्या-दुधातून येतो, हवेचे काम सोडा आणि बेकिंग पावडर वाटून घेतात, आणि आकार धरण्याचे काम मैद्यावर पडते. म्हणूनच येथे मैदा बदामाच्या दुप्पट घेतला आहे. मूळ फ्रेंच प्रमाणात बदाम याहून अधिक असतात, पण अंड्याविना ते प्रमाण ठेवले तर केक हातात घेताच विस्कटतो.

मैदा, बदामाची पूड, साखर, मीठ आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून घ्यावी. दही आणि दूध फेटून त्यात ओतावे, मग कोमट तूप बेरीसकट घालून एकाच दिशेने हलक्या हाताने मिसळावे. फार घोटू नये; पोळीच्या कणकेला जे हवे ते केकला नको असते. हे पीठ झाकून अर्धा तास ठेवावे, मैदा भिजतो आणि पोत एकसारखा होतो. सोडा मात्र आताच घालायचा नाही. दह्याच्या आंबटपणाशी गाठ पडताच तो फसफसू लागतो आणि अर्ध्या तासात त्याचा जोर संपतो. आच तापल्यावर, साच्यात पीठ घालण्याच्या अगदी आधी, चमचाभर दुधात विरघळवून तो घालावा आणि लगेच कामाला लागावे.

आप्पेपात्र आणि कढई

मादलेनच्या शिंपल्याच्या साच्याला आपल्याकडे सर्वांत जवळचे भांडे म्हणजे आप्पेपात्र. छोटे, खोलगट, जाड धातूचे खळगे, खालून येणारी उष्णता आणि वर झाकण. एवढेच तर हवे असते. बिडाचे जुने सात खळग्यांचे पात्र सर्वांत चांगले. त्याला आप्प्यांच्या जिऱ्या-मिरचीचा वास मुरलेला असतो. म्हणून आदल्या दिवशी त्यात पाणी उकळून, कोरडे तापवून, तुपाचा हात फिरवून ठेवावे. गॅसची ज्योत थेट लागली तर मधले खळगे करपतात आणि कडेचे कच्चे राहतात. खाली जुना तवा ठेवला की आच पसरते. खळगे तुपाने माखून पाऊण भरावे, झाकण ठेवावे आणि मंद आचेवर पाच-सहा मिनिटे थांबावे. वरचा भाग ओलसर न राहता जाळीदार दिसू लागला की सुईने किंवा काडीने उलटून आणखी दोन-तीन मिनिटे ठेवावे. बाहेरून तांबूस, कडेला कुरकुरीत, आत मऊ असे चेंडू तयार होतात. फ्रेंच माणूस याला मादलेन म्हणणार नाही, पण खाल्ल्यावर हरकतही घेणार नाही.

लगडीचा आकारच हवा असेल तर कढई घ्यावी. जाड बुडाच्या मोठ्या कढईत जाड मिठाचा बोटभर थर द्यावा, वर चाळणीचे कडे किंवा छोटी तिवई ठेवावी आणि घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. ढोकळ्याच्या किंवा बर्फीच्या थाळीला तूप लावून, मैदा भुरभुरून, पीठ दीड सेंटिमीटर उंचीपर्यंत ओतावे आणि वीस ते पंचवीस मिनिटे झाकून भाजावे. शेवटची दहा मिनिटे आच मंद. झाकणाला आतून कापड बांधले तर वाफेचे थेंब केकवर पडत नाहीत. कापडाची टोके मात्र वर घेऊन बांधावीत, ज्योतीकडे लोंबू देऊ नयेत. कोमट असताना बर्फीसारख्या लांबट वड्या पाडाव्यात. ते मीठ थंड करून डब्यात भरून ठेवले की वर्षभर याच कामाला येते. पुष्कळ जणी यासाठी प्रेशर कुकर वापरतात, शिट्टी आणि रबर काढून. ॲल्युमिनियमचा कुकर पाण्याविना तापवणे मला पसंत नाही. मोडीत निघालेला एखादा असेल तर गोष्ट वेगळी. आतून लेप दिलेले नॉनस्टिक भांडे तर कोरडे तापवूच नये.

कढईत एक गोष्ट साधत नाही, ती आधीच सांगितलेली बरी. मादलेनच्या पाठीवर जो फुगीर उंचवटा येतो त्यासाठी गार पीठ एकदम कडक तापलेल्या भट्टीत जावे लागते; कडा आधी घट्ट होतात आणि मधला भाग वर उसळतो. कढईची उष्णता सावकाश चढते, त्यामुळे वडी सपाट होते. चवीत उणे काही येत नाही.

मादलेनच करायचे असेल तर बदामाची पूड वगळून मैदा १४० ग्रॅम घ्यावा, दूध चमचाभर वाढवावे आणि लिंबाच्या सालीचा पिवळा भाग किसून घालावा. पांढरा भाग कडू असतो. लोरेन प्रांतातील कोमेर्सी हे मादलेनचे गाव. पोलंडचे सिंहासन गमावून तेथे ड्यूक म्हणून राहिलेल्या स्तानिस्लास राजाच्या मुदपाकखान्यात १७५५ मध्ये ऐनवेळी गोड पदार्थ उरला नाही, तेव्हा मादलेन नावाच्या दासीने आपल्या आजीच्या पद्धतीचे हे केक करून वेळ निभावली, अशी दंतकथा आहे. पुढे मार्सेल प्रुस्त या कादंबरीकाराने १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चहात बुडवलेल्या मादलेनच्या एका घासातून नायकाचे सारे बालपण जागे होते असे दाखवले आणि हा छोटासा केक साहित्यात अमर झाला. नवकारसीनंतरच्या चहात खारी बुडवून खाणाऱ्यांना यात अवघड वाटण्यासारखे काही नाही.

तिथी, विगई आणि सूर्यास्त

आता आपल्या घरातील काही बारकावे. केकला व्हॅनिला इसेन्स हवाच, असा समज आहे. तो सोडून द्यावा. कित्येक इसेन्स मद्यार्कात विरघळवलेले असतात. वेलची, केशर किंवा जायफळ आपल्या तुपाला अधिक शोभते. आठम-चौदसला हिरवे वर्ज्य असणाऱ्या घरी लिंबाची सालही नको, त्या दिवशी वेलचीच घालावी. फाल्गुन चौमासीनंतर काही घरांत सुका मेवा बंद होतो. तेव्हा मंद भाजून सोललेल्या शेंगदाण्यांची पूड चालते. शेंगदाणा जमिनीखाली पिकतो म्हणून कोणी शंका काढते. पण तो कंदमूळ नव्हे. अंड्याला पर्याय म्हणून बेसन घालण्याचा सल्ला हल्ली पुष्कळ ठिकाणी दिलेला आढळतो. तो आपल्या उपयोगाचा नाही, कारण कच्च्या दह्यात डाळीचे पीठ मिसळले की द्विदलाचा दोष येतो. बदामाला तो दोष लागत नाही. ज्या धान्याच्या दोन फाकी होतात आणि ज्यातून तेल निघत नाही, तेच द्विदल मानले गेले आहे. तरीही ज्या घरी यापेक्षा कडक रीत असेल तेथे घरातील ज्येष्ठांना किंवा गुरुमहाराजांना विचारून घ्यावे. पाककृतीपेक्षा घराची रीत मोठी.

दूध, दही, तूप, साखर अशा चार विगई या एका घासात आहेत, हेही ध्यानात असावे. ज्यांचा विगय-त्याग असेल त्यांच्यासमोर ही थाळी फिरवू नये.

वेळेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हा केक ओलसर आहे. तो खाखऱ्यासारखा डब्यात भरून ठेवण्याचा पदार्थ नाही. वासी न खाणाऱ्या घरांत तो त्याच दिवशी संपला पाहिजे. गंमत म्हणजे फ्रेंच जाणकारांचेही हेच सांगणे आहे: मादलेन भट्टीतून निघाल्यावर काही तासांतच खावे, दुसऱ्या दिवशी त्याची कड मऊ पडते आणि मजा जाते. कारण निराळे, निष्कर्ष एक. म्हणून चौदा-सोळा नगांचेच प्रमाण येथे दिले आहे. घरात माणसे अधिक असतील तर दुप्पट करावे, पण उरेल इतके करू नये. डिसेंबरात नगरला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चौविहार करणारी मंडळी साडेपाचला पानावरून उठतात. वाढदिवस असेल तर तीनला पीठ भिजवावे, साडेतीनला कढई तापवावी, साडेचारला वड्या पाडून तयार. रात्री आठ वाजता मेणबत्त्या विझवण्याची पद्धत दुसऱ्यांकडून आलेली आहे. मुलांना दुपारी साडेचारलाही तितकाच आनंद होतो, आणि त्या वेळी थाळीभोवती आजी-आजोबाही बसलेले असतात.

काही भगिनी घरून फराळ विकतात. त्यांनी हे केक विक्रीला काढले तर अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील नोंदणी घरगुती व्यवसायालाही लागू आहे, हे विसरू नये. आपल्या कायद्याने अंडे असलेल्या खाद्यवस्तूवर मांसाहाराचे तपकिरी चिन्ह लावणे बंधनकारक आहे आणि दूध-तुपाच्या वस्तूला हिरवे चिन्ह मिळते. पण हिरवे चिन्ह लोण्याबद्दल काही सांगत नाही, दह्याच्या काळाबद्दल नाही, इसेन्सबद्दलही नाही. म्हणून डब्यावर ‘घरचे तूप, लोणी नाही, इसेन्स नाही’ एवढे मराठीत छापून खाली केल्याची तारीख आणि वेळ टाकावी. कापडबाजारातल्या दुकानात दुपारच्या चहाबरोबर असा डबा जाऊ लागला तर पॅरिसच्या त्या केकवाल्याचे गिऱ्हाईक आणि आपले गिऱ्हाईक यांत फारसा फरक उरणार नाही; कोटाऐवजी पांढरा सदरा, एवढेच, आणि त्यावरही चुरा सांडता कामा नये.